वाशीच्या खाडीपासून माथेरानच्या माथ्यापर्यंत

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "डोंगरावर गार का वाटतं? उलट वर गेलं की आपण सूर्याच्या जवळ जातो ना?" प्रश्न भारी आहे. आज त्याचंच उत्तर शोधू, आणि तेही आपल्या नवी मुंबईतूनच.

सूर्य आपल्यापासून जवळजवळ १५ कोटी किलोमीटर लांब आहे. त्यात एखादा किलोमीटर कमी झाला तर काय फरक पडणार? खरी गोष्ट हवेची आहे. ऊन आधी जमीन तापवतं, मग जमीन हवेला तापवते. वर जाल तसा हवेचा दाब कमी होतो, हवा पसरते आणि पसरताना थंड होते. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश, असा हिशोब धरा.

आता सुरुवात करू शून्यापासून. मानखुर्दहून वाशीला येताना लोकलच्या खिडकीतून खाली बघा. चिखलात तिवरांची झाडं दिसतील. खारं पाणी आणि दिवसातून दोनदा भरती. चिखलात हवा मिळत नाही, म्हणून त्यांची मुळं पेन्सिलीसारखी वर डोकं काढून श्वास घेतात.

तिथून पनवेल, मग नेरे, मालडुंगे करत धोदाणी गाव. हा माथेरानचा आपल्या बाजूचा पायथा. मला ही वाट आवडते, कारण दोन-तीन तासांच्या चढात जंगल चक्क बदलताना दिसतं. खाली साग, ऐन, पळस, काटेसावर. पानांतून पाणी उडून जातं, म्हणून पावसाळ्यानंतर जमीन सुकायला लागली की ही झाडं पानं गाळतात. फेब्रुवारीत गेलात तर पळसावर पान नाही, नुसती केशरी फुलं. मधल्या उतारावर कारवी, सात-आठ वर्षांतून एकदाच फुलणारी. आणि माथ्यावर, साधारण ८०० मीटरवर? भर मे महिन्यातही हिरवी सावली. जांभूळ, अंजनी, खोडांवर शेवाळ. अंजनीची निळी-जांभळी फुलं तर थेट फांदीलाच चिकटलेली असतात.

आता गंमत बघा. ८०० मीटरला तापमानातला फरक साधारण पाचच अंशांचा. एवढ्यानं जंगल बदलतं? एकट्या तापमानानं नाही. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि बरसतात. त्यामुळे माथेरानला मुंबईच्या जवळपास दुप्पट पाऊस पडतो. वर धुकं असतं, ऊन सौम्य असतं आणि सपाट माथ्यावरच्या लाल मातीत ओल टिकते. उभ्या उतारावर मात्र तेच पाणी वाहून जातं. म्हणजे आपल्याकडे उंची थंडीपेक्षा पाण्यातून जास्त बोलते. आणि माती नसेल तर उंचीही कामाची नाही! कास पठार माथेरानपेक्षा उंच, पाऊसही भरपूर, पण कातळावर मातीचा पातळ थर. म्हणून तिथं सड्यावर झाडं नाहीत, इवली फुलं आहेत.

उंचीनुसार वनस्पतींचे पट्टे असतात हे चित्र काढून जगाला दाखवलं अलेक्झांडर फॉन हम्बोल्टनं. १८०२ मध्ये तो इक्वेडोरमधला चिंबोराझो चढायला गेला होता. २०१२ मध्ये शास्त्रज्ञ पुन्हा त्याच डोंगरावर गेले, तेव्हा वनस्पती वर सरकलेल्या दिसल्या. खाली उकडायला लागलं की झाडंही पिढ्यानपिढ्या वर सरकतात. त्यांचं बी वर रुजतं, खालचं मरतं.

पण चिंबोराझो सहा हजार मीटरांहून उंच आहे. आपलं कळसूबाई, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर. माथेरानचं जंगल तर आधीच माथ्यावर आहे. त्याच्या वर फक्त आकाश! सड्यावरच्या कंदीलपुष्पांच्या काही जाती तर एखाद-दुसऱ्या डोंगरावरच सापडतात. त्यांनी कुठं जायचं?

म्हणून मला मधल्या उताराची जास्त काळजी वाटते. माथेरान आणि त्याचा परिसर २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. पण आपल्या खारघरच्या डोंगरावर उन्हाळ्यात रात्री वणव्याची लाल रेघ दिसते, ती तुम्हीही बघितली असेल. वणव्यात मोठं झाड कदाचित तगतं, रोप जळतं. आणि वर सरकायचं काम रोपानंच करायचं असतं. दरवर्षी उतार जळत राहिला तर खालच्या जंगलाला वर जायला वाटच उरत नाही.

तर एक काम देतो. पुढच्या ट्रेकला फोनमध्ये उंची दाखवणारं ॲप सुरू ठेवा. दर शंभर मीटरला थांबा, समोरच्या झाडाचा एक फोटो काढा, उंची आणि तारीख लिहा. तीच वाट पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा करा. आणि सुक्या गवतात काडी किंवा सिगारेट टाकणारा कुणी दिसला, तर गप्प बसू नका. फोटो मला पाठवा, चांगल्या नोंदींवर आपण एक अख्खा भाग करू.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत, चढत राहा!