देवराई : गावाची उघडी पाठशाळा



इतिहास पुस्तकातून आणि निसर्ग चित्रांतून शिकविण्याची सवय सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. सह्याद्रीच्या पट्ट्यातील अनेक गावांजवळ मात्र हे दोन्ही विषय एकाच जागी प्रत्यक्ष पाहावयास मिळतात. ती जागा म्हणजे देवराई.

काळकाई, वाघजाई, भैरोबा अशा दैवतांच्या नावाने राखलेल्या या रानात कुऱ्हाड चालवावयाची नाही, असा गावाचा दंडक असे. म्हणूनच भोवतालचे डोंगर उघडे पडले तरी कित्येक देवरायांत जुने वृक्ष, गारंबीसारख्या अजस्र वेली आणि पाण्याचे झरे टिकून राहिले. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात या रानांचा अभ्यास करून त्यांचे मोल अभ्यासकांपुढे मांडले.

पुष्कळ देवरायांत वीरगळही आढळतात. खालच्या चौकटीत लढाई, मध्ये वीराला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य, असा हा दगडावरील इतिहास निरक्षर माणसालाही वाचता येतो.

येथे शिक्षणवर्ग भरविण्यास फारसा खर्च लागत नाही. प्रवेशाची रीत प्रथम गुरवाला विचारून घ्यावी. लहान मुलांनी गळालेली पाने व बिया आकाराप्रमाणे मांडाव्यात आणि काम संपताच जागच्या जागी ठेवाव्यात. मोठ्या मुलांनी सुतळीने वृक्षांचा घेर मोजावा, वीरगळाचे रेखाटन करावे. झाडांची स्थानिक नावे, फुलोऱ्याचा काळ, उत्सवाच्या चालीरीती मात्र गुराख्यांनी, वृद्ध स्त्रीपुरुषांनी सांगाव्यात. या वर्गात आजी शिक्षिका आणि शिक्षक विद्यार्थी ठरला, तर त्यात कमीपणा नाही.

हे काम निकडीचे आहे. आजवर देवाच्या धाकाने रान राखले गेले. तो धाक ओसरला, की देवळाच्या जीर्णोद्धारासाठी त्याच देवाची झाडे विकली जातात आणि वीरगळ बांधकामाच्या राडारोड्यात पडून राहतात, असे काही ठिकाणी घडले आहे. धाकाची जागा जाणतेपणाने घेतली नाही, तर शतकांची ठेव एका हंगामात संपेल.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक संस्थांनी जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून, लोकांच्या सल्ल्याने लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे त्या समितीचे काम आहे. ही नोंदवही केवळ कार्यालयात बसून भरण्याची नव्हे. देवराईतील वर्गात मुलांनी घेतलेली मापे आणि वडीलधाऱ्यांनी सांगितलेली माहिती पडताळून तीत उतरविता येईल. औषधी ज्ञानाची नोंद मात्र सांगणाऱ्याच्या संमतीनेच व्हावी.

ज्या मुलाने स्वतःच्या हाताने वृक्षाचा घेर मोजला, तो मोठेपणी ग्रामसभेत त्या वृक्षाच्या बाजूने बोलेल. देवराईला यापुढे असेच राखणदार हवे आहेत.