सागवानाचे दोन बाजार

मौलमीन आणि बँकॉक येथील वखारींतून एकेकाळी युरोपास जाणारी जहाजे सागवानाने भरत; परंतु शेजारच्या या दोन राज्यांचे, ब्रह्मदेशाचे आणि सयामचे, दैव मात्र भिन्न ठरले. मुंबईत १८६३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा कंपनीस ब्रह्मी दरबाराने ओंडक्यांच्या हिशेबावरून जबर दंड ठोठावला, त्याचे निमित्त करून इंग्रजांनी १८८५ साली युद्ध पुकारले, आणि ब्रह्मदेशाच्या थिबा राजास आपल्या रत्नागिरीत बंदिवासात देह ठेवावा लागला, हे लाकडाच्या तंट्यातून घडावे याचे मला आजही वैषम्य वाटते. सयामने राज्य राखले, १८९६ साली जंगलखाते उभारले. परदेशी कंपन्यांना मक्ते मात्र दिलेच. पुढे १९८८ च्या भीषण पुरात उघड्या डोंगरांवरून माती व ओंडके गावांवर कोसळले, तेव्हा सयामने, म्हणजे आताच्या थायलंडने, १९८९ च्या जानेवारीत नैसर्गिक अरण्यांतील व्यापारी वृक्षतोडीस मनाई केली. मात्र त्याच सुमारास तेथील व्यापाऱ्यांनी सीमेपलीकडील ब्रह्मी अरण्यांचे मक्ते घेतले, आणि एकेकाळचा निर्यातदार देश शेजाऱ्याचे गिऱ्हाईक झाला. ब्रह्मदेशाने अखंड ओंडक्यांची निर्यात बंद केली ती १ एप्रिल २०१४ रोजी, म्हणजे थायलंडनंतर तब्बल पंचवीस वर्षांनी.