घोड्याविना घोडेस्वार : लेफ्टनंट डी पास

पुण्याचें नांव धारण करणारा एक नामांकित रिसाला हिंदुस्थानच्या लष्करांत आहे. १८१७ च्या जून महिन्यांत इंग्रजांनीं दुसऱ्या बाजीरावावर जो तह लादला, त्यांतून ह्या रिसाल्याचा जन्म झाला. खर्च पेशव्यांकडून तोडून घेतलेल्या मुलखाच्या वसुलांतून आणि हुकूम मात्र कंपनीचा, असा तो प्रकार होता. 'पूना हॉर्स' तो हाच. पेशवाई बुडाली, पण रिसाला टिकला. आणि शंभर वर्षें पुरीं होण्यापूर्वींच त्याचे स्वार फ्रान्सच्या भूमीवर उतरले.

त्यांच्यांत फ्रँक अलेक्झांडर डी पास हे एक लेफ्टनंट होते. २६ एप्रिल १८८७ रोजीं लंडन येथें एका ज्यू कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. रग्बीच्या शाळेंत शिकून ते वुलिचच्या लष्करी विद्यालयांत गेले, व १९०६ सालीं तोफखान्यांत अधिकारी झाले. तीनच वर्षांनीं त्यांनीं पूना हॉर्समध्यें बदली मागून घेतली. पुढें सर पर्सी लेक या वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांच्या तैनातींत त्यांची नेमणूक झाली. परंतु १९१४ सालीं महायुद्ध पेटतांच ते आपल्या रिसाल्यांत परत आले.

घोडदळाच्या अधिकाऱ्यानें ज्या युद्धाचीं स्वप्नें पाहावीं, तें युद्ध फ्रान्समध्यें उरलेंच नव्हतें. तारांचीं कुंपणें आणि यांत्रिक तोफा यांपुढें घोड्याची दौड व्यर्थ होती. घोडे पिछाडीस बांधून स्वारांना बंदुका घेऊन चिखलांतील खंदकांत उतरावें लागलें. २३ नोव्हेंबरच्या पहांटे फेस्तुबेर गांवाजवळील खंदकाचा एक भाग पूना हॉर्सच्या ताब्यांत आला. जर्मनांनीं त्या खंदकाच्या तोंडापर्यंत एक अरुंद चर खणीत आणला होता आणि बांधास भगदाड पाडलें होतें. चरांत थोड्याच अंतरावर वाळूच्या पोत्यांची आडभिंत उभी करून, तिच्या जंग्यांतून ते नेम धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं डी पास फत्तेखान व फर्मानशहा या दोन स्वारांसह त्या चरांतून सरपटत गेले. त्यांनीं जंग्याशीं स्फोटक द्रव्य ठेवून बत्ती दिली. शत्रूनें बॉम्बगोळा फेकला, तरी आडभिंत उडाली आणि तिघेही सुखरूप परतले.

त्याच दिवशीं ५८ व्या रायफल्स पलटणीचा एक हिंदी शिपाई दोन्ही फळ्यांमधील उघड्या जमिनीवर जखमी होऊन पडलेला दिसला. तो डी पास यांच्या रिसाल्याचा नव्हता. त्याच्यासाठीं बाहेर पडण्याचा हुकूमही कोणी दिला नव्हता. तरी सातव्या ड्रॅगून गार्ड्सच्या एका गोऱ्या सैनिकास बरोबर घेऊन, गोळ्यांच्या वर्षावांत जाऊन, त्यांनीं त्या शिपायास उचलून आणलें. पुढच्याच दिवशीं त्याच चराच्या तोंडाशीं झुंजतांना ते मारले गेले. वय सत्तावीस वर्षांचें. बेथून येथील स्मशानभूमींत त्यांना पुरण्यांत आलें. १८ फेब्रुवारी १९१५ रोजीं व्हिक्टोरिया क्रॉस हें सर्वोच्च पदक त्यांना मरणोत्तर जाहीर झालें.

हें पदक हिंदी सैनिकाला मिळण्याची वाट १९११ पर्यंत बंदच होती. त्याच फेस्तुबेरला २३ नोव्हेंबरच्या रात्रीं ३९ व्या गढवाल रायफल्सचे दरवानसिंग नेगी यांनींही तें मिळविलें. पण चरांत डी पास यांच्या खांद्यास खांदा लावून सरपटत गेलेल्या फत्तेखान-फर्मानशहांचीं नांवें आज कितीजणांच्या ओठीं आहेत?

परकी सत्तेच्या त्या लढाईंत हिंदी माणसाचें रक्त कां सांडलें, हा प्रश्न इतिहासानें विचारलाच पाहिजे. तो विचारून झाल्यावरही उघड्या माळावरचा तो जखमी शिपाई शिल्लक राहतो. राज्यें गेलीं, घोड्यांच्या जागीं रणगाडे आले. १९६५ सालीं तारापोर आणि १९७१ सालीं पुण्यांत जन्मलेले अरुण खेत्रपाल यांनीं स्वतंत्र भारतासाठीं ह्याच रिसाल्यांत देह ठेवून परमवीरचक्र मिळविलें. डी पास यांनीं आडभिंत उडविली ती लढाईचा भाग म्हणून; जखमी शिपायास उचलून आणलें तें माणूस म्हणून. पहिल्या कृत्याचा हिशेब साम्राज्याच्या खात्यांत मांडतां येईल. दुसऱ्याचा तसा मांडतां येत नाहीं.