मुलांच्या वॉर्डात मोठी माणसं

राज्यातला पहिला कोरोनाबाधित 9 मार्च 2020 ला आपल्या पुण्यातच सापडला. त्याच मार्च-एप्रिलात न्यूयॉर्कमधल्या मुलांच्या अतिदक्षता विभागांत मोठी माणसं दाखल झाली. नुसत्या खाटा देऊन भागत नव्हतं. मुलांची औषधं किलोमागे मोजतात. मोठ्यांच्या मात्रा वेगळ्या, श्वासनळीत घालायची नळी जाड, वर मधुमेह, रक्तदाब. ऐंशी किलोचा माणूस पालथा करायला चार-पाच जण लागतात! तिथल्या परिचारिकांचं मला फार कौतुक वाटतं.

आपल्याकडे 2021 मध्ये उलटी तयारी झाली. तिसऱ्या लाटेत मुलांना धोका होईल या धास्तीनं राज्यानं बालरोगतज्ज्ञांचं कृतिदल नेमलं. पण वरवंड गावाहून अत्यवस्थ रुग्ण पुण्याला न्यायचा तर सोलापूर महामार्गावरचा वेळ मोडतो. म्हणून तालुक्याच्या रुग्णालयातल्या परिचारिकांना दोन्ही वयांचं प्रशिक्षण आधीच मिळायला हवं.