नळी कुठं पोचली?



दहिसरला मी बरीच वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काम करतो. रुग्ण अत्यवस्थ झाला की अतिदक्षता विभागाबाहेर आम्ही नातेवाइकांना सांगतो, ‘गळ्यातून सेंट्रल लाइन टाकावी लागेल, इथं सही करा.’ ते घाबरून सही करतात. ती नळी म्हणजे काय, हे आज सांगतो.

हाताच्या बारीक शिरेला काही तीव्र औषधं सोसत नाहीत. डायलिसिसलाही जोराचा रक्तप्रवाह लागतो. म्हणून गळ्याच्या मोठ्या शिरेतून नळी आत सरकवतात. तिचं टोक हृदयाच्या उजव्या कप्प्याच्या तोंडाशी यावं लागतं.

अडचण अशी, की त्या शिरेला खेटूनच मेंदूकडे जाणारी रोहिणी असते आणि थोडं खाली फुप्फुसाचं टोक. पूर्वी आम्ही बोटांनी चाचपून, अंदाजानं सुई घालत असू. एकदा माझ्याच हातून सुई फुप्फुसाला लागली. आजींना धाप लागली. एक्स-रे काढला तेव्हा छातीत हवा साठलेली दिसली. दुसरी नळी घालून ती काढली आणि आजी वाचल्या. सोनोग्राफीचं यंत्र मात्र त्या वेळी खालच्याच मजल्यावर होतं!

सोनोग्राफीत शीर आणि रोहिणी शेजारी शेजारी दिसतात. यंत्राचा दांडा हलकेच दाबला की शीर चपटी होते. रोहिणी तशीच उडत राहते. सुई आत शिरतानाही दिसते. पण छातीतलं टोक हाडांच्या नि हवेच्या आड जातं. तिथं एक्स-रेच कामाला येतो. टोक कुठं थांबलं, फुप्फुस शाबूत आहे ना, हे तो सांगतो.

हे शहाणपण जुनंच आहे. १९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्डे इथं वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरनं स्वतःच्या दंडातून हृदयापर्यंत नळी सरकवली आणि तशीच ठेवून तो चालत एक्स-रेच्या खोलीत गेला. नळी पोचली, एवढं म्हणून भागणार नव्हतं, ती दिसायला हवी होती. १९५६ साली नोबेल पारितोषिकात त्याला वाटा मिळाला.

आपल्याकडे गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी सक्तीची आहे, आणि ती योग्यच आहे. त्यामुळे एका रुग्णालयातलं छोटं यंत्र उचलून दुसरीकडे नेता येत नाही. म्हणून अतिदक्षता विभाग चालवणाऱ्या लहान रुग्णालयानंही स्वतःचं यंत्र रीतसर नोंदवून खाटेजवळ ठेवावं.

आणि तुम्ही? सही करताना दोनच प्रश्न विचारा. ‘सोनोग्राफीवर बघून घालणार ना?’ आणि नंतर, ‘एक्स-रेत टोक जागेवर आहे ना?’ रुग्णाचा जीव जात असेल तर डॉक्टर थांबणार नाहीत, थांबूही नये. पण एरवी या प्रश्नांचा राग कुणी मानू नये. मला तेव्हा कुणी विचारलं असतं, तर मी खालच्या मजल्यावर गेलो असतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)