कर्जाआधी चौकशी



क्षयाचे औषध फुकट मिळते, हे शिवडीकराला सांगावे लागत नाही. पालिकेचे क्षयरोग रुग्णालय आपल्या दारातच आहे. परंतु रक्तातून पसरणारी, यकृत पोखरणारी हिपॅटायटिस सी ही कावीळ निघाली की दागिने गहाण पडतात, वर्गणीची वही फिरू लागते.

ही भीती एके काळी खरी होती. २०१३ साली अमेरिकेत सोफॉसबुविरची एक गोळी १,००० डॉलरला होती. रोज एक, अशा बारा आठवड्यांचा हिशेब तुम्हीच करा! २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांना ती बनविण्याचे परवाने मिळाले आणि येथे किंमत उतरली. २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या केंद्रांत तपासणी व औषध विनामूल्य आहे. शंभरात नव्वदांहून अधिक रोगी बरे होतात.

तेव्हा कर्ज काढण्यापूर्वी रिपोर्ट घेऊन मोठ्या सरकारी वा पालिका रुग्णालयात जा आणि या कार्यक्रमाचे केंद्र कोठे आहे, ते विचारा. मुलांनो, वडिलांना कागद वाचता येत नसतील तर तुम्ही सोबत जा. जकातीचा पैसा जमलाच, तर तो गरजू रोग्याच्या बुडालेल्या मजुरीसाठी द्या. शिक्षणाचा उपयोग तो हाच.