मधुमेह आणि परसातील वनस्पती
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आम्ही वैद्य नव्हे. आयुष्यभर खडू हाती धरलेले शिक्षक आहोत. तरीही या विषयावर चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहोत, कारण ज्या घरात मधुमेह शिरला नाही असे घर आज आपल्या ज्ञातीत विरळाच.

हा विकार पूर्वजांस अपरिचित नव्हता. चरकसंहितेत प्रमेहाचे २० प्रकार सांगितले असून मधुमेह हा त्यांपैकी एक होय. आपल्या रानांत बेडकीचा पाला मिळतो. त्याचे पान चावले असता काही काळ साखर बेचव लागते. म्हणूनच त्यास मधुनाशिनी म्हणतात. परंतु जिभेवरील गोडी गेली म्हणजे रक्तातील साखर गेली, असे नव्हे. मेथीदाण्यांतील बुळबुळीत तंतूंमुळे अन्नातील साखर रक्तात सावकाश उतरते. कारले, जांभळाची बी, बिबळ्याचे लाकूड यांवरही प्रयोग झाले आहेत; मात्र त्यांची मात्रा व गुण इन्सुलिनइतके निश्चित झालेले नाहीत.

वनस्पती तुच्छ लेखाव्या, असा आमचा आशय नाही. युरोपातील गॅलेगा वनस्पतीतील द्रव्यांच्या अभ्यासातूनच पुढे मेटफॉर्मिनची वाट सापडली आणि १९५७ साली फ्रान्सचे डॉ. झां स्टर्न यांनी मधुमेहावरील त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. पाल्याचे औषध होण्यास असे मोजमाप लागते.

म्हणून दोन गोष्टी ध्यानी धराव्या. गोळ्यांच्या जोडीने काढा घेतल्यास साखर फार उतरून घाम, थरथर, भोवळ येऊ शकते. तेव्हा डॉक्टरांपासून काढा लपवू नये. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ज्या मुलांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, त्यांची सुई बंद करणे म्हणजे काही दिवसांतच प्राणावर बेतणे होय. १९२१ साली टोरांटो येथे इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वी अशी मुले फार काळ जगत नसत.

असे असूनही मुलीचे लग्न मोडेल या भयाने तिची सुई लपविणारी, प्रसंगी तिला नुसत्या पाल्यावर ठेवणारी घरे आहेत. दोष त्या आईबापांचा थोडा, नाके मुरडणाऱ्या आपणां सर्वांचा अधिक. नियमित उपचार घेणारी मुलगी शिकते, नोकरी करते, संसारही करते. वधूवरांच्या नोंदवहीत हा विकार निर्भयपणे लिहिता यावा आणि तो वाचून कोणी पान उलटू नये, एवढीच या सभेपाशी आमची विनंती आहे.